सगळं एकाच टाकीत पिवळं करू नका: जुन्या स्पोर्ट्स कारच्या भागांचं मूळ फिनिश परत आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९७० च्या आसपासची पोर्शे ९११, इंजिन उतरवून पूर्ण सुटं केलेलं. नट-बोल्ट, क्लॅम्प, ब्रॅकेट, थ्रॉटलचं लिंकेज, इंजिनभोवतीचा पत्रा, मॅग्नेशियमचं क्रँककेस (इंजिनाचं मुख्य कवच) आणि फुक्स कंपनीची चाकं, एवढा पसारा समोर आहे. प्लेटिंगवाला म्हणतो, लोखंडी माल सगळा एकाच बॅचमध्ये पिवळा झिंक (जस्ताचा थर, वर क्रोमेटचा पिवळा संरक्षक थर) करून देतो, पत्र्याला पावडर कोटिंग करू आणि चाकं आरशासारखी पॉलिश करू. तुम्हाला गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशी हवी आहे.

हे तिन्ही केलंत तर गाडी देखणी होईल, पण कारखान्यातून निघाली तशी ती असणार नाही. फिनिश निवडताना कारखान्यापुढे प्रश्न एवढाच असायचा की गंज किती दिवस थोपवायचा आणि किती खर्चात. त्यातून भाग यायचे वेगवेगळ्या पुरवठादारांकडून. बोल्ट एकाकडून, क्लॅम्प दुसऱ्याकडून, स्प्रिंग तिसऱ्याकडून, आणि प्रत्येकाची प्रक्रिया वेगळी. त्यामुळे एकाच ब्रॅकेटवर पिवळा बोल्ट, पांढरा वॉशर आणि काळी स्प्रिंग शेजारी शेजारी बसलेली दिसतात. ही सरमिसळ म्हणजेच मूळ फिनिश. सगळं एका रंगात आणलं की जाणकाराला ते दुरूनच खटकतं.

म्हणून काहीही साफ करण्याआधी भाग वाचून घ्या. मी यावर सर्वात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा, कारण एकदा ब्लास्टिंग (दाबाच्या हवेने वाळू किंवा मण्यांचा मारा) झालं की हा पुरावा कायमचा गेला. वायर व्हील लांब ठेवा. केरोसिन किंवा सौम्य डीग्रीझर आणि मऊ ब्रश, बस्स. मग ऊन-पाणी-चिखल जिथे पोचलेला नाही अशा जागा शोधा: वॉशरच्या खालची गोल कड, क्लॅम्पने झाकलेली पट्टी, ब्रॅकेटच्या दुमडीची आतली बाजू, रबरी बुशच्या मागचा भाग. बाहेरून पूर्ण करडा पडलेला बोल्ट काढला की डोक्याखाली जेमतेम मिलिमीटरभर रुंदीचं एक कडं दिसतं, सोनेरी, त्यात हिरवट आणि गुलाबी झाक. कारखान्यातला रंग तेवढ्या कड्यात शिल्लक असतो. त्याचा दिवसाच्या प्रकाशात, उन्हात नव्हे सावलीत, शेजारी करडं कार्ड ठेवून फोटो घ्या. पिवळ्या क्रोमेटचा रंग कॅमेऱ्यात नेहमी फसवतो आणि नंतर प्लेटिंगवाल्याशी वाद होतो तो याच रंगावरून.

काळ्या भागांची ओळख पटवायला नजर आणि नख पुरेसं आहे. काळेपणा फॉस्फेट किंवा ब्लॅक ऑक्साइड या रासायनिक थरांचा असतो, नाहीतर रंगाचा. फॉस्फेट असेल तर पृष्ठभाग बारीक स्फटिकांचा, मॅट, तेल पिऊन बसलेला असतो. नखाने ओरखडलं तर फिकट रेघ उमटते. ब्लॅक ऑक्साइड असेल तर खालच्या मशिनिंगच्या खुणा जशाच्या तशा दिसतात आणि काळ्यात किंचित निळसर छटा असते. रंग असेल तर तो कडांना टवका होऊन सुटतो. काही ठिकाणी पिवळे, निळे, पांढरे रंगाचे ठिपके किंवा तेलकट खडूच्या रेघा दिसतील. तो मळ समजून पुसू नका. असेंब्लीवर बोल्ट आवळल्याची किंवा तपासणी झाल्याची ती खूण असते. फोटो काढा, जागा मोजून लिहून ठेवा, शेवटी त्या पुन्हा उमटवायच्या आहेत.

बोल्टच्या डोक्यावरची अक्षरंही टिपून ठेवा. जर्मन गाड्यांत कामाक्स किंवा फेरबुस अशी बनवणाऱ्याची नावं आणि शेजारी ८.८ किंवा १०.९ असा ताकदीचा आकडा असतो. हा आकडा पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

आता कॅडमियम. त्या काळात बऱ्याच भागांवर झिंकऐवजी कॅडमियम चढवलेलं असायचं, कारण ते मऊ, निसरडं आणि खाऱ्या हवेत झिंकपेक्षा टिकाऊ. नुसत्या डोळ्याने दोन्हीतला फरक खात्रीने सांगता येत नाही. कॅडमियमची चमक जरा मंद, उबदार करडी असते, झिंक जास्त निळसर चकाकतं आणि म्हातारं झालं की त्यावर पांढरी भुकटी फुगते, इतपत अंदाज बांधता येतो. नक्की कळायला हवं असेल तर क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या, हातातल्या एक्सआरएफ यंत्राने काही सेकंदांत उत्तर मिळतं. पण एक गोष्ट मनावर घ्या: माहीत नसेल तर ते कॅडमियमच आहे असं समजून वागा. त्यावर घासकागद, ग्राइंडर, कोरडं ब्लास्टिंग नको, आणि अडकलेला बोल्ट सोडवायला त्यावर गॅसची ज्योत तर मुळीच नको. कॅडमियम ३२१ अंश सेल्सिअसला वितळतं, आणि ज्योतीखाली त्याचा जो धूर निघतो तो फुप्फुसांसाठी जीवघेणा ठरू शकतो. सुरुवातीला फक्त घसा खवखवतो, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो, आणि त्रास तासांनंतर वाढतो. असा जुना थर रसायनाने, हवा खेळती असलेल्या जागी, सांडपाण्याची सोय असलेल्या प्लेटिंगवाल्याकडूनच उतरवून घ्या.

पुन्हा कॅडमियमच चढवायचं का? माझं उत्तर बहुतेक वेळा नाही असं आहे. विमान क्षेत्रासाठी काम करणारे काही प्लेटर अजून ते करतात, पण झिंक नीट केलं तर दिसायला ते कॅडमियमच्या फार जवळ नेता येतं, आणि विषारी धातू पुन्हा गाडीत आणायला मला पटत नाही.

‘नीट केलं तर’ म्हणजे काय, इथे खरी मेख आहे. लोक क्रोमेटच्या रंगावर भांडतात, पण अंतिम रूप ठरतं ते झिंकच्या खाली असलेल्या पृष्ठभागावर आणि झिंकच्या टाकीच्या प्रकारावर. झिंकचा थर असतो ५ ते १० मायक्रॉनचा. तो खालचं फारसं काही लपवत नाही. जाड वाळूने ब्लास्टिंग केलेल्या ब्रॅकेटवर झिंक मेल्यासारखं, खरखरीत पांढरं दिसतं. उलट ब्रॅकेट बफिंग करून चकचकीत केला तर तो दागिना दिसतो. मूळ ब्रॅकेट पत्र्यातून डायखाली कापलेला असतो. त्याच्या कडेला कापाची एक गुळगुळीत आणि एक फाटल्यासारखी पट्टी असते, सपाट बाजूला पत्रा लाटताना पडलेल्या बारीक रेघा असतात. या खुणा जपायच्या. गंज काढायला मी चिलेटिंग द्रावण (गंजातलं लोह बांधून विरघळवणारं) वापरतो. ते गंज खातं, लोखंड खात नाही, आणि पृष्ठभाग जसा होता तसा राहतो. ब्लास्टिंग करावंच लागलं तर बारीक काचेचे मणी, कमी दाब, आणि खड्डे पडलेल्या भागापुरतंच.

टाकीचं म्हणाल तर आज बहुतेक ठिकाणी अ‍ॅसिड क्लोराइड झिंक असतं. ते फार चकचकीत चढतं आणि बारीक रेघा भरून काढतं, त्यामुळे बोल्ट क्रोमसारखा दिसू लागतो. साठ-सत्तरच्या दशकात सायनाइडची टाकी सर्रास होती, तिची चमक मंद आणि रेशमी. आज त्याच्या सर्वात जवळ जाते ती सायनाइड नसलेली अल्कलाइन झिंकची टाकी. प्लेटिंगवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा: टाकी कोणती आहे, आणि ब्राइटनर (चमक आणणारं रसायन) कमी ठेवून चालेल का? याचं उत्तर ज्याला देता येत नाही त्याच्याकडे हे भाग देऊ नका. एक अपवाद लक्षात ठेवा. ओतीव लोखंडावर अल्कलाइन झिंक धड चढत नाही, तिथे अ‍ॅसिडचीच टाकी लागते.

त्यावरचं पिवळं क्रोमेट जुन्या पद्धतीचं, म्हणजे हेक्साव्हॅलंट (सहा संयुजेच्या) क्रोमियमचं असेल तर ती इंद्रधनुषी झाक आपोआप येते. युरोपीय संघाच्या २००० सालच्या जुन्या वाहनांबाबतच्या निर्देशाने नव्या गाड्यांतून हेक्साव्हॅलंट क्रोमियम आणि कॅडमियम हद्दपार होत गेलं, म्हणून आज बरेच प्लेटर ट्रायव्हॅलंट (तीन संयुजेच्या क्रोमियमची) प्रक्रिया करतात. पांढऱ्या-निळसर फिनिशला ट्रायव्हॅलंट उत्तम चालतं. पिवळ्यासाठी मात्र त्यात बऱ्याचदा रंगद्रव्य घालतात आणि मग येतो तो सपाट लिंबासारखा पिवळा, झाक नसलेला. तुमच्या भागात कायद्याने परवानगी असेल आणि प्लेटरकडे नीट सोय असेल तर पिवळ्या भागांना हेक्साव्हॅलंट घ्या. हे काम घरच्या बादलीत करायचं नाही. हेक्साव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे.

क्रोमेटच्या टाकीत भाग काही सेकंदच असतो आणि त्या सेकंदांत रंग ठरतो. जास्त वेळ ठेवला की सोनेरीचा तपकिरी होतो. बाहेर आल्यावर थर ओल्या जेलसारखा मऊ असतो, म्हणून पहिले २४ तास भाग एकमेकांवर घासू द्यायचे नाहीत. सुकवायला ६० अंशांच्या वर गरम हवा नको, नाहीतर थराला तडे जातात आणि गंज रोखायची ताकद उतरते. प्लेटरकडून आलेला माल पिशवीत कोंबलेला असेल तर थर कडांवरून आधीच गेलेला असतो.

याच उष्णतेशी जोडलेला, आणि जिवाशी खेळ करणारा मुद्दा म्हणजे हायड्रोजन. अ‍ॅसिडमध्ये साफ करताना आणि प्लेटिंग होताना पोलादात हायड्रोजन शिरतो. साधं पोलाद तो सहन करतं. कडक केलेलं पोलाद मात्र ठिसूळ होतं आणि आवळल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, गाडी उभी असतानाही, तटकन तुटतं. ८.८ च्या बोल्टला सहसा धोका नाही. १०.९ ला काळजी घ्यायची, १२.९ चे बोल्ट, स्प्रिंगा आणि स्प्रिंग वॉशर तर अ‍ॅसिडमध्ये घालायचेच नाहीत. ज्यांना प्लेटिंग करावंच लागेल त्या कडक भागांना प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत साधारण १९० ते २२० अंशांवर कित्येक तास भाजावं लागतं, आणि ते क्रोमेट देण्याआधी, कारण भट्टीची उष्णता क्रोमेटला मारते. म्हणजे क्रम असा: झिंक, भट्टी, मग पृष्ठभाग पुन्हा सक्रिय करून क्रोमेट. क्रोमेट करून वर भाजून देतो म्हणणारा प्लेटर तुमचा रंगही घालवेल. आणि कनेक्टिंग रॉडचे, फ्लायव्हीलचे बोल्ट, हेडचे स्टड, स्टिअरिंग आणि ब्रेकचे बोल्ट या कामात आणूच नका. ते नवे, योग्य दर्जाचे घ्या. तिथे मूळ रंगाचा हट्ट मी कोणाचाही ऐकत नाही.

आट्यांबद्दल एक हिशेब. ६० अंशांच्या आट्यावर जितका थर चढतो त्याच्या चौपट पिच व्यास (आट्यांच्या मधोमध मोजलेला व्यास) वाढतो. ८ मायक्रॉन झिंक म्हणजे ३२ मायक्रॉनची वाढ, ती नट सामावून घेतो. पण ‘टिकाऊ हवं’ म्हणून २५ मायक्रॉन चढवलंत तर वाढ १०० मायक्रॉनची, आणि बारीक आट्याचा नट हाताने फिरायचाच नाही. मग लोक त्यावरून डाय फिरवतात आणि नेमका आट्यांवरचा थर खरवडून काढतात.

बॅचेस रंगानुसार पाडा: पिवळा, पांढरा, काळं फॉस्फेट, काळं ऑक्साइड. त्यातही बोल्ट-वॉशर बॅरलमध्ये (फिरत्या पिंपात) आणि लांब लिंकेज, पातळ ब्रॅकेट रॅकवर टांगून करून घ्या. कारखान्यातही बोल्ट बॅरलमध्येच व्हायचे, म्हणून त्यांच्या कडांवर एकमेकांवर आपटल्याच्या बारीक खुणा असतात. त्या असू द्या. प्रत्येक बॅच फळीवर मांडून, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, कारण प्लेटरकडे लहान भाग हरवतात, हे गृहीतच धरा. आणि सगळा माल देण्याआधी त्याच जातीचे चार-पाच टाकाऊ बोल्ट देऊन नमुना करून घ्या. तो एक दिवस सुकू द्या आणि मग त्या न पुसलेल्या कड्याशेजारी धरून बघा. ताजं पिवळं क्रोमेट जुन्यापेक्षा थोडं भडक दिसणारच. ते कालांतराने उतरतं, त्यामुळे ‘जुनं’ दिसावं म्हणून फिकं करून घेऊ नका.

काळ्या भागांचं काम सोपं आहे. मँगनीज फॉस्फेट गडद, झिंक फॉस्फेट फिकट करडं. दोन्हीचं खरं संरक्षण वरच्या तेलात आहे, तेल सुकलं की गंज आला. यावर काळा स्प्रे मारू नका, एवढंच.

पत्र्याच्या भागांना पावडर कोटिंग नको. मूळ काळा रंग भट्टीत भाजलेला पातळ इनॅमल होता. पावडर कोटिंग सहज ६० ते १०० मायक्रॉनचं होतं, कडा गोल करतं, स्पॉट वेल्डचे खळगे आणि ठोकलेले आकडे बुजवतं आणि प्लास्टिकच्या आवरणासारखं दिसतं. शिवाय बोल्ट जिथे आवळला जातो तिथे हा जाड थर दबून बसतो आणि बोल्टचा ताण सैल पडतो. एपॉक्सी प्रायमरचा पातळ हात आणि त्यावर सेमी-ग्लॉस काळा टू-के (हार्डनर मिसळायचा) रंग, भट्टी असेल तर हलका भाजून. चमक किती ठेवायची ते तुमच्याच पत्र्यावर झाकल्या गेलेल्या जागी पाहायला मिळेल.

हेच तत्त्व इतर गाड्यांनाही लागू आहे. १९५७ च्या फेरारी २५० टेस्टा रोसाचं नावच तिच्या लाल कॅम कव्हरवरून पडलं. फेरारीच्या कितीतरी इंजिनांच्या कव्हरवर दिसतो तो सुरकुत्यांचा काळा रंग साध्या मॅट काळ्याने येत नाही. या रंगात परंपरेने टंग तेल असतं. वरची साय आधी सुकून फुगते, खालचा थर अजून ओला असतो, म्हणून साय आक्रसून सुरकुत्या पडतात. थर जाड तर सुरकुत्या मोठ्या, थर कमी-जास्त तर कव्हरच्या कोपऱ्यात एक नक्षी आणि मध्यभागी दुसरी. एकसारखी उष्णता दिल्याशिवाय ते जमत नाही. जॅग्वार ई-टाइपच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर काचेचं काळं इनॅमल असायचं. तिथे ‘उष्णतारोधक’ काळा स्प्रे मारला की तो काही दिवसांतच करडा पडतो.

तुमच्या क्रँककेसकडे येऊ. १९६८ पासून १९७७ पर्यंतच्या बहुतेक ९११ चं क्रँककेस मॅग्नेशियमचं आहे, आणि मॅग्नेशियमला अ‍ॅल्युमिनियमसारखं वागवलं की ते खराब होतं. आधी लोखंडावर वापरलेले मणी किंवा ग्रिट त्यावर मारले तर लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि ओल मिळताच प्रत्येक कणाभोवती मॅग्नेशियम सडू लागतं. म्हणून नवे, स्वच्छ काचेचे मणी, पाण्यासोबत, कमी दाबाने, आणि त्यानंतर रेंगाळू न देता रासायनिक कन्व्हर्जन कोटिंग (धातूचाच पृष्ठभाग संरक्षक थरात बदलणारी प्रक्रिया). मॅग्नेशियमवर दिसणारी तपकिरी-सोनेरी छटा डाऊ ७ सारख्या डायक्रोमेट प्रक्रियेची असते. त्यात हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडही लागतं, त्यामुळे ते काम फक्त प्रशिक्षित दुकानाचं. मॅग्नेशियमची कोरडी धूळ पेट घेते आणि पेटली तर तिच्यावर पाणी ओतायचं नाही, पाण्याने आग भडकते. ब्लास्टिंगनंतर तेलाच्या नाळ्यांचे प्लग काढून प्रत्येक नाळी ब्रश आणि दाबाच्या द्रावणाने धुवा. एखादा मणी आत राहिला तर तो बेअरिंगमध्ये सापडतो, इंजिन पुन्हा उघडल्यावर.

चाकांना हात लावायची घाई तर अजिबात नको. ओटो फुक्सची ही घडीव अ‍ॅल्युमिनियमची चाकं १९६६ मध्ये ९११ एस बरोबर आली, आणि त्यांचं मूळ फिनिश अ‍ॅनोडायझिंगचं आहे: रेशमी, किंचित धूसर चमक. आरशासारखी चकाकी त्यांना कधीच नव्हती. अ‍ॅनोडायझिंग हा वर दिलेला लेप नसून धातूचाच ऑक्साइड झालेला थर आहे, काही भाग धातूच्या आत आणि काही बाहेर. तो कॉस्टिकने (तीव्र अल्कलीने) उतरवला की धातूही जातो, पाकळ्यांच्या धारदार कडा बोथट होतात, आणि पुढे बफिंग केलं की त्या पूर्ण विरघळतात. म्हणून थर बहुतांशी शाबूत असेल, फक्त मळ आणि ब्रेकची धूळ असेल, तर न्यूट्रल पीएचच्या साबणाने धुवा आणि थांबा. अल्कलाइन व्हील क्लीनर हा थर खातो, तो घरात ठेवूही नका. थर खरोखर उडालेला असेल तर आधी डाय पेनिट्रंटने (तड्यांत शिरणाऱ्या रंगीत द्रवाने) तडे तपासा, मग कमीत कमी धातू काढून पुन्हा अ‍ॅनोडायझिंग. त्याच्या जागी लॅकर मारलेलं चाक फोटोत सारखं दिसतं, पण दगड लागला की लॅकरखाली पांढरे धागे पसरत जातात.

जितकं टिकलंय तितकं टिकवायचं, हा माझा एकट्याचा आग्रह नाही. फिवा या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली ट्युरिन सनद जतनाला पुनर्निर्माणापेक्षा वरचं स्थान देते. कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारच्या एनसीआरएस या संघटनेच्या परीक्षणात तर कारखान्यापेक्षा चांगलं फिनिश केलं तरी गुण कापले जातात. तुमच्या ढिगातले जे भाग नुसत्या धुण्याने बरे दिसतात त्यांना प्लेटिंगला पाठवू नका, थोडं मेण किंवा तेल लावून परत बसवा. दहा ताज्या बोल्टांमध्ये दोन थकलेले बोल्ट वाईट दिसतील ही भीती मनातून काढा.

शेवटी जोडणी. कॅडमियम निसरडं होतं, झिंकचं घर्षण जास्त आहे. पुस्तकातला टॉर्क (आवळण्याचा जोर) मूळ फिनिश धरून दिलेला असतो, त्यामुळे त्याच आकड्याला कोरडा झिंकचा बोल्ट आवळला तर प्रत्यक्ष पकड कमी बसते. उलट त्यावर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) थापलं तर तोच आकडा बोल्टला गरजेपेक्षा जास्त ताणतो. महत्त्वाच्या जोडांसाठी फिनिश आणि वंगण दोन्ही आधी ठरवा, त्याच जोडीचा टॉर्क शोधा, आणि प्रत्येक बोल्टला तेच वंगण, तितकंच लावा. पान्याचा बॉक्स सहा कोनांचा वापरा, बारा कोनांच्या बॉक्सने डोक्याच्या कोपऱ्यांवरचं क्रोमेट पहिल्याच फेरीत निघतं. असेंब्लीचे रंगाचे ठिपके आवळून झाल्यावरच लावा, तुमच्या जुन्या फोटोत होते त्याच जागी.